मिंट २२.२ 'झारा' टाकलं, सगळं चालतंय, फक्त बाबांच्या जुन्या मराठी फाइली उघडेनात

राजवाड्यामागे (इंदूर) · ५ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:४०

राम राम मंडळी. दसऱ्याला लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, आपट्याचं पान ठेवलं आणि आज रविवारी त्याच्यातून विंडोज काढून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, टाकलं. पूजा केलेल्या यंत्राची तिसऱ्या दिवशी अशी चिरफाड करावी की नाही ते शास्त्र मला माहीत नाही, पण वेळ आजच मिळाला.

मशीन बाबांची आहे. २०१५ ची, पाचव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क इतकी संथ की चालू करून अंघोळ उरकून यावं. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबरला बंद होऊन राहिले आहेत आणि ११ याच्यावर चढत नाही, कारण त्याला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. जेल रोडवर एका दुकानात विचारलं तर तो बघायच्या आधीच म्हणाला, भिया नया ले लो, इसमें कुछ नहीं रखा. मी त्याच्याकडूनच एसएसडी आणि ४ जीबीची जास्तीची रॅम घेऊन घरी आलो.

मिंट का, तर माझ्या ऑफिसात एकाकडे पाहिलं होतं आणि बाबांना खाली डावीकडे मेन्यूचं बटण लागतं, ते त्यात आहे. २२.२ सप्टेंबरात आलंय, नाव झारा. उबंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ वर बांधलेलं, २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील, म्हणजे लॅपटॉप तेव्हा चौदा वर्षांचा होईल, दहावीच्या उंबरठ्यावर. नवीन काय आलं म्हणून वाचलं तर बोटाच्या ठशाने कुलूप उघडणारं फिंगविट नावाचं ॲप, कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.१४, चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठ्यांचे कोपरे गोल. आमच्या लॅपटॉपला ठशाची पट्टीच नाही, त्यामुळे मुख्य बातमी आमच्या कामाची नाही, चिठ्ठ्या मात्र गोल आहेत.

आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघितलं. आवाज, कॅमेरा, टचपॅड सगळं पहिल्या फटक्यात. वाय-फाय नाही. मग मोबाइल केबलने जोडून त्याचंच इंटरनेट घेतलं (यूएसबी टेदरिंग), ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने स्वतःच ड्रायव्हर सुचवला, रीस्टार्ट, झालं. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं, मी दुपारभर बाजूला ठेवली होती आणि चार वाजता मोकळा होऊन पोहे खात बसलो होतो.

आता मूळ दुखणं. बाबा आमच्या मंडळाची स्मरणिका काढतात. पंधरा वर्षांचे लेख, कार्यकारिणीच्या याद्या, गेलेल्या लोकांवरचे मृत्युलेख, सगळं वर्डच्या फाइलींमध्ये. विंडोज काढायच्या आधी मी अख्खं डॉक्युमेंट्स फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं, तेवढी अक्कल होती. आता लिब्रेऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्डसारखं) उघडलं तर मराठीचा मागमूस नाही, नुसती इंग्रजी अक्षरं सांडल्यासारखी. 'भारत' असायला हवं तिथे एच, के, के, जे, आर. बाबा चष्मा पुसून पुसून बघून राहिलेत. उद्या कोजागिरी, घरी माणसं येणार आणि यांचा चेहरा असा. फाइली खराब झाल्या का? पेन ड्राइव्ह स्वस्तातला होता.

---

लष्करवाला (ग्वाल्हेर) · ६ ऑक्टोबर, सकाळी ६:१२

फाइली धडधाकट आहेत. पेन ड्राइव्हही धडधाकट आहे. तुझी घाई तेवढी खराब आहे.

ते कृतिदेव आहे. एच-के-के-जे-आर वाचल्यावर मला दुसरं काही बघायची गरज नाही, पंचवीस वर्षं हेच बघत आलो. आपल्या मध्य प्रदेशात टायपिंगच्या प्रत्येक दुकानात हिंदी त्याच फॉन्टवर चालायची, मराठी माणूस गेला की त्याचंही त्यातच उरकायचे. कृतिदेव युनिकोड नाही, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला आकडा अशी भानगड त्यात नाही. फाइलीत खरोखर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्या अक्षरांना देवनागरीचा मुखवटा घालतो. एच आणि के मिळून भ, पुढचा के म्हणजे काना, जे म्हणजे र, आर म्हणजे त. मुखवटा काढला की खालचा चेहरा दिसला, एवढंच झालंय.

तो मुखवटा विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये होता. तू डॉक्युमेंट्स घेतलंस आणि फॉन्ट पुसलेस. हे सगळेच करतात, म्हणून ओरडत नाही.

आता कुठल्याही टायपिंगवाल्याकडे जा, पेन ड्राइव्हवर ती फॉन्टची टीटीएफ फाइल घे. बाबांना विचार कृतिदेवचा आकडा कुठला होता, बहुतेक ०१० असेल. फाइल आणलीस की डबल क्लिक कर, इन्स्टॉल येतं. नाहीच आलं तर होम फोल्डरमध्ये लपलेलं डॉट लोकल, त्यात शेअर, त्यात फॉन्ट्स, तिथे टाक आणि लिब्रेऑफिस बंद करून परत उघड.

आणि मिंट टाकलंस ते ठीक आहे पण ते म्हणजे उबंटूवर साखर, आणि उबंटू म्हणजे डेबियनवर साखर. मी सरळ डेबियन १३ टाकलंय, ऑगस्टच्या ९ तारखेला आलं त्याच आठवड्यात.

---

टर्मिनलताई · ६ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

काका सकाळी सहाला साखर मोजत बसलेत :) कोजागिरी आहे, आज दुधात घालायची असते.

राजवाड्यामागे, फॉन्टचं काकांनी सांगितलं तेच करा. मी पुढचं सांगते, कारण जुनं वाचता आलं तरी बाबांना नवीन लिहायचं असेलच ना? मेन्यूत 'इनपुट मेथड' शोधा, त्यात आयबस (दुसऱ्या भाषेत टाइप करायची सोय) टाकून घ्या, सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन घ्या, मग एकदा लॉगआउट करून परत या. आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये मराठीखाली आयट्रान्स, फोनेटिक, इनस्क्रिप्ट असे बरेच कीबोर्ड दिसतील. बाबा कशावर टाइप करायचे? टाइपरायटरच्या वळणाचा हात असेल तर रेमिंग्टनही आहे त्यात, मराठीखाली दिसला नाही तर हिंदीखाली बघा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. लॉगिनच्या पडद्यावर एक छोटं चिन्ह असतं, तिथून सेशन बदलता येतं आणि त्यात वेलँड असं काहीतरी लिहिलेलं सापडतं, पुढे 'एक्स्पेरिमेंटल'. नवीन आहे म्हणून निवडू नका. २२.२ च्या सिनॅमन डेस्कटॉपच्या त्या सेशनमध्ये इनपुट मेथडचं धड जमत नाही, मराठी गायब होईल आणि तुम्हाला वाटेल आयबस बिघडलं. माझ्या भाच्याने हेच करून माझे दोन तास घालवले.

---

सेव_कमी_कांदा_जास्त (इंदूर) · ६ ऑक्टोबर, दुपारी १:३०

भिया मी पण इंदूरचाच, सुदामा नगरातला, तुमचं वाचून हिंमत आली. मला हे विचारायचंय की मिंटची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) कुठून घ्यायची, कारण गूगल केल्यावर चार-पाच ठिकाणं येऊन राहिली आहेत आणि एक जण टेलिग्रामवर पाठवतो म्हणतोय.

---

टर्मिनलताई · ६ ऑक्टोबर, दुपारी २:१०

टेलिग्रामवरून अजिबात नको! मिंटच्या स्वतःच्या साइटवरूनच, जवळपास तीन जीबीची फाइल आहे, तिथे मिररची (तीच फाइल ठेवणाऱ्या सर्व्हरची) यादी येते त्यातला भारतातला किंवा जवळचा निवडा. आणि उतरल्यावर शा-२५६ चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा आकडा) जुळवून बघा, लोक कंटाळा करतात पण यामागे इतिहास आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटचीच साइट कोणीतरी फोडली होती आणि १७.३ सिनॅमनची डाउनलोड लिंक एका मागचं दार ठेवलेल्या आयएसओकडे वळवली होती. त्यांनी लगेच कबूल केलं आणि साइट बंद करून दुरुस्त केली, पण त्या दिवशी ज्यांनी उतरवलं ते अडकले. खऱ्या साइटवर हे होऊ शकतं तर टेलिग्रामवाल्या दादाचं काय सांगावं.

---

हिशेबनीस (इंदूर) · ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:५५

उत्साहावर थोडं पाणी टाकतो, धंद्याचा माणूस आहे म्हणून. घरचा लॅपटॉप असेल तर खुशाल करा. पण ज्यांचं टॅली त्या मशीनवर आहे त्यांनी हा धागा वाचून रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन बसू नका. टॅलीप्राइम विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवर ते वाइन नावाच्या, विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून चालवणारे लोक आहेत, पण रिटर्नच्या वीस तारखेला क्लायंट समोर बसलेला असताना मला वाइनशी खेळायचं नाहीये. डिजिटल सहीचं डोंगल, ते डीएससी, त्याचे ड्रायव्हर आणि पोर्टलची साइनर युटिलिटी, हा आणखी एक जंजाळ.

माझ्या ऑफिसातल्या दोन जुन्या मशीनना मी मायक्रोसॉफ्टचा वाढीव वर्षाचा मार्ग घेतोय, घरगुती खात्याला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट देतायत. पण घरी मुलीच्या लॅपटॉपवर मिंटच आहे, दोन वर्षं झाली, तिने कधी तक्रार केली नाही, फक्त एकदा म्हणाली बाबा याच्यात व्हायरस कुठून टाकायचा, शाळेच्या प्रोजेक्टला स्क्रीनशॉट पाहिजे होता.

---

लष्करवाला · ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:२०

हिशेबनीस बरोबर बोलला. कधी नव्हे ते.

---

वडोदऱ्याचा_वड (वडोदरा) · ७ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

मी उशिरा आलो पण मला बोलणं भाग आहे, कारण विषय माझ्या गावाच्या नावाचा आहे. मुंबईत राहणाऱ्याला काय, मुंबईहून लिहिलं की झालं. आम्हाला 'वडोदऱ्याहून' लिहावं लागतं आणि तो पापणीसारखा अर्धा र आला नाही तर 'वडोदर्याहून' होतं, म्हणजे समुद्र कुठे तर दांडिया बाजारात.

राजवाड्यामागे भाऊ, तुम्ही नुसता फॉन्ट आणून थांबू नका, आत्ताच सगळं युनिकोडमध्ये आणून घ्या. आमच्याकडे एका मंडळाच्या वार्षिकांकाचं हेच झालं, दर वेळी कोणीतरी फॉन्ट शोधत हिंडायचं, शेवटी ज्याच्या कॉम्प्युटरवर होता तो सुनेकडे कॅनडाला गेला. आणि बदलताना हा ऱ्या सांभाळा. हिंदीसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरला तो माहीतच नसतो. इनस्क्रिप्टमध्ये टाइप करणार असाल तर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग स्लॅश, मग ई. ऱ, हलन्त, य, काना. मी हे झोपेत टाइप करू शकतो.

---

राजवाड्यामागे · ९ ऑक्टोबर, रात्री १०:१५

काका, पाया पडतो. फॉन्ट मिळाला आणि कुठे मिळाला तर घराच्या मागच्या गल्लीत, तिथे सीपीसीटीच्या परीक्षेची टायपिंग शिकवून राहिलेत, रेमिंग्टन गेल आणि इनस्क्रिप्ट दोन्ही, पोरं खटाखट बसलेली. मालकाला सांगितलं तर त्याने पैसेही घेतले नाहीत, वर विचारलं की हे लिनक्स काय असतं, मी अर्धा तास सांगत बसलो आणि दूध आणायचं राहिलं.

फॉन्ट टाकला, फाइल उघडली आणि २०११ चं संपादकीय जसंच्या तसं समोर! बाबांनी पहिल्या ओळीतच स्वतःची शुद्धलेखनाची चूक काढली. चौदा वर्षं ती तिथे होती.

टर्मिनलताई, आयबस पण झालं, बाबांचा हात रेमिंग्टनचा आहे, सरकारी ऑफिसात टाइपरायटरवर शिकलेले, त्यांनी बसून 'अध्यक्षीय मनोगत' एका दमात टाइप केलं आणि म्हणाले यात बेल वाजत नाही ओळ संपल्यावर.

आता वडोदऱ्याच्या वडभाऊंचं म्हणणं पटलंय, युनिकोड करायचं. यंदाच्या अंकात निवडक जुने लेख घ्यायचे ठरलंय, ६२ पानं आहेत. एक ऑनलाइन कन्व्हर्टर लावून पाहिला तर ऐंशी टक्के बरोबर, पण जिथे चुकतो तिथे असा चुकतो की हसू येतं. 'मूर्ती'चा रफार उडून भलत्याच अक्षरावर बसतो, आणि 'दसऱ्या'चं तर काय विचारू नका. हे असं का होतं?

---

लष्करवाला · १० ऑक्टोबर, सकाळी ६:०५

कारण कृतिदेव डोळ्याने लिहितं आणि युनिकोड कानाने. नीट ऐक.

टाइपरायटरवर जसं डावीकडून उजवीकडे ठोकत जायचं तसं कृतिदेवमध्ये साठवलं जातं. 'कि' लिहायचं तर वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती आधी, क नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने, क आधी आणि वेलांटी मागून, दिसायला ती डावीकडे उडी मारते ते काम फॉन्टचं. रफाराचं याच्या उलट. 'मूर्ती'त र चा उच्चार त च्या आधी आहे, म्हणून युनिकोडमध्ये र आणि हलन्त आधी, मग त, मग वेलांटी. कृतिदेवमध्ये रफार डोक्यावर शेवटी बसतो म्हणून तो शेवटी, तोही त आणि वेलांटी दोन्हीच्या नंतर. म्हणजे कन्व्हर्टरने रफार उचलून आधी वेलांटी ओलांडायची, मग त ओलांडायचा, जोडाक्षर असेल तर ते अख्खं ओलांडायचं आणि मग ठेवायचा. आळशी कन्व्हर्टर एकच अक्षर मागे जातो आणि थांबतो. तुझा तसाच आहे.

ऱ्या तर हिंदीत नाहीच, त्यामुळे बनवणाऱ्याला सुचलाच नाही.

---

वडोदऱ्याचा_वड · १० ऑक्टोबर, सकाळी ९:४०

आणि त्यात अजून एक गंमत. पापणीचा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरी तऱ्हा साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं अक्षर, मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण अर्धा अंक एका तऱ्हेने आणि अर्धा दुसऱ्याने झाला तर कंट्रोल-एफ करून 'दसऱ्या' शोधल्यावर निम्मेच सापडणार. ऱ वाली तऱ्हा धरा, कीबोर्डवरही तीच सोपी.

---

टर्मिनलताई · १० ऑक्टोबर, सकाळी ११:२५

मी वेगळी वाट सुचवते, काका रागावतील. कन्व्हर्टरच नको. आता फॉन्ट आहे म्हणजे पानं बरोबर दिसतायत ना? मग पीडीएफ काढा आणि चित्र समजून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं कॉम्प्युटरलाच वाचू द्या. टेसरॅक्ट या ओसीआरच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी वेगळी आहे, सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये टेसरॅक्ट-ओसीआर-मार म्हणून पॅकेज मिळेल, आणि वरून खिडकीवालं काही हवं असेल तर जीइमेजरीडर घ्या. पानाची चित्रं ३०० डीपीआयला काढा, त्याखाली गेलात की अनुस्वार धूळ समजून खातो. ओसीआरला रफार कुठे साठवला होता याच्याशी देणंघेणं नाही, ते दिसेल ते वाचतं.

---

लष्करवाला · १० ऑक्टोबर, दुपारी १२:०२

रागावलो. मजकूर हातात असताना त्याचा फोटो काढून परत वाचायचा म्हणजे समोर बसलेल्या माणसाला पत्र पाठवणं. ओसीआर 'घ' ला 'ध' वाचेल आणि 'म' ला 'भ', आणि ती चूक शब्दात लपून बसते. 'मरण'चं 'भरण' झालं तर मृत्युलेखात कोण पकडणार? कन्व्हर्टर चुकतो तेव्हा एकाच तऱ्हेने चुकतो, एकदा नियम सापडला की फाइंड-रिप्लेसने सगळीकडे दुरुस्त.

---

टर्मिनलताई · १० ऑक्टोबर, दुपारी १२:३०

काका, मुद्दा मान्य. पण ज्याला रफाराचे नियम लिहिता येत नाहीत त्याने काय करायचं? राजवाड्यामागे, दोन्ही करून बघा, दोन-दोन पानं. आणि आधी टाइमशिफ्टचा एक स्नॅपशॉट (बिघडलं तर मागे परतता येईल अशी सिस्टिमची प्रत) घेऊन ठेवा. याच्याशी संबंध नाही, पण तुम्ही नवीन आहात आणि आता हात सुटलाय तुमचा, मला दिसतंय.

---

जुनाट_नेटबुक · ११ ऑक्टोबर, रात्री ९:००

मध्येच घुसतो, माफ करा. ३२ बिटवालं नेटबुक आहे, २ जीबी रॅम. त्यात हे झारा जाईल का?

---

लष्करवाला · १२ ऑक्टोबर, सकाळी ५:५०

नाही. मुख्य मिंटमध्ये ३२ बिट १९.३ ला संपलं, त्याचाही आधार २०२३ मध्ये गेला. डेबियन १३ ने ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. डेबियन १२ अजून चालतं, त्यावर एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई असा हलका डेस्कटॉप टाक आणि ब्राउझरमध्ये एका वेळी एकच टॅब उघड. नाहीतर मुलांना खोलून बघायला दे.

---

राजवाड्यामागे · १२ ऑक्टोबर, रात्री ११:३०

आज अख्खा रविवार यातच. सकाळी पोहे-जलेबी, मग दोन्ही तऱ्हा करून बघितल्या, सहा पानं.

ओसीआर मृत्युलेखात खरंच घसरलं काका, 'घरी' ला 'धरी'. पण जिथे छपाई मोठी आणि साधी तिथे एकदम स्वच्छ. कन्व्हर्टरने याद्या बरोबर केल्या, नावांमध्ये मात्र रफार, आमच्या मंडळात कुलकर्णी सात आहेत, सगळ्यांचा रफार एकच अक्षर इकडेतिकडे. मग मी फाइंड-रिप्लेसने सातही कुलकर्णी एका फटक्यात सुधारले, त्या क्षणी मला काकांचं म्हणणं समजलं. लेख कन्व्हर्टरने करायचे आणि २००९ च्या आधीचं जे नुसतं छापील आहे, ज्याची फाइलच नाही, ते स्कॅन करून ओसीआरने, असं ठरवलंय. ताई, तुमच्यामुळे ते जुने अंक पण आता होतील, तो विचारच आमच्या डोक्यात नव्हता.

आता बाबांची नवी तक्रार. म्हणून राहिलेत की ल आणि श 'हिंदी' दिसतात. मी म्हटलं बाबा ल म्हणजे ल. तर उठून शाळेतलं पुस्तक घेऊन आले.

---

वडोदऱ्याचा_वड · १३ ऑक्टोबर, सकाळी ८:५०

बाबांना माझा नमस्कार सांगा, बाबा शंभर टक्के बरोबर आहेत. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात हेच आहे, पाकळीचा ल आणि देठाचा श. आपण महाराष्ट्राबाहेरचे, आपल्याला तो निर्णय लागू नाही, पण हात तोच आहे ना.

उपाय सोपा आहे. काही फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात आणि मजकुराची भाषा मराठी ठरवली असेल तरच मराठी आकार येतो. तुमची फाइल हिंदीवर किंवा काहीच नसलेल्यावर असेल. लिब्रेऑफिसमध्ये ऑप्शन्समध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा, तिथे मराठी निवडा, मग सगळा मजकूर सिलेक्ट करून त्याचीही भाषा मराठी करा. फॉन्ट बदलताना पण बघा, तिथे इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि आपला वेगळा असतो, लोक वरचाच बदलतात आणि म्हणतात काही होत नाही. एवढं करून जमलं नाही तर 'तिरो देवनागरी मराठी' नावाचा फॉन्ट फुकट मिळतो, त्यातले आकार मुळातच मराठी आहेत, हिंदीसाठी त्यांचा वेगळा आहे. पुस्तकी छपाईला फार देखणा दिसतो.

---

सेव_कमी_कांदा_जास्त · १४ ऑक्टोबर, रात्री ८:१५

आज विंडोज १० चा शेवटचा दिवस, मी पण टाकलं! चेकसम जुळवला ताई. फक्त विंडोज ठेवून शेजारी टाकलं, दोन्ही आहेत. पण विंडोजच्या ड्राइव्हमध्ये मिंटमधून काही सेव्ह होत नाहीये, नुसतं वाचता येऊन राहिलंय. परमिशनची भानगड आहे का?

---

टर्मिनलताई · १४ ऑक्टोबर, रात्री ८:४०

अभिनंदन! परमिशन नाही, विंडोज पूर्ण बंद झालेलं नाहीये. त्यात फास्ट स्टार्टअप नावाचं असतं, शटडाउन केलं तरी ते अर्धवट हायबरनेट होऊन ड्राइव्ह धरून बसतं, मग मिंट सावधगिरीने तो फक्त वाचायलाच उघडतं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा आणि एकदा नीट शटडाउन करा. जबरदस्तीने लिहायचे उपाय इंटरनेटवर सापडतील, ते करू नका.

---

राजवाड्यामागे · १८ ऑक्टोबर, रात्री ९:५०

धनत्रयोदशीच्या शुभेच्छा सगळ्यांना. तिरो लावला. बाबांनी ल बघितला, काही बोलले नाहीत, म्हणजे पास.

प्रिंटरचं एकच दिवस नाटक झालं, आमचा जुना लेझर काही केल्या ओळखेना, मंडळातल्या दुसऱ्याचा वाय-फायवाला आणला तर तो ड्रायव्हरशिवाय आपोआप आला. जुना आता फुलदाणी ठेवायला.

पण मंडळी, ज्यासाठी आलोय ते वेगळंच. १० दिवस मशीन वापरल्यावर काल बाबांनी शांतपणे विचारलं, सगळं ठीक आहे, पण पत्ते कुठे गेले? आधीचं विंडोज गेलं, फॉन्ट गेले, फाइली गेल्या, यातलं काही नाही, इतके दिवस त्यांना हेच सांगायचं होतं आणि मी कामात आहे म्हणून थांबले होते.

---

लष्करवाला · १८ ऑक्टोबर, रात्री १०:०१

ऐसलरायट. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोध. पत्त्यांचे कितीतरी प्रकार आहेत त्यात, त्यांना हवा तो क्लोंडाइक. डेबियनमध्ये पण आहे.

---

टर्मिनलताई · १८ ऑक्टोबर, रात्री १०:०४

काका, तुम्ही रात्री दहाला जागे? आणि हे नाव इतक्या पटकन कसं आठवलं?

---

लष्करवाला · १८ ऑक्टोबर, रात्री १०:०६

झोपतोय.

---

राजवाड्यामागे · १९ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

लावलं. क्लोंडाइक. ६२ पैकी ४१ पानं झाली होती, कालपासून ४१ च आहेत.